बायनरी फाइल अक्षरांत बांधून पाठवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यालयांच्या संगणकांची आणि मेलची कामं करताना मला जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आणि अडनिडे शेवटी घेतले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इंग्रजी अक्षरांची नावं मी कॅपिटल किंवा स्मॉल असं सांगून लिहिली आहेत, कारण इथे तो फरक फार महत्त्वाचा आहे.

१. ताई, मेलचा मूळ मजकूर उघडून पाहिला तर आत हजारो ओळी अगम्य इंग्रजी अक्षरं आहेत. व्हायरस आहे का?

नाही, ती तुम्हाला आलेली फाइलच आहे. फोटो, पीडीएफ, एक्सेल अशा फाइली म्हणजे ० ते २५५ या आकड्यांची रांग, आणि यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक बाइट. मेल पाठवताना या रांगेचं रूपांतर साध्या छापील अक्षरांत केलं जातं आणि पोहोचल्यावर तुमचा मेलचा प्रोग्रॅम ते परत उलटवतो. सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत बेस-६४. त्या गठ्ठ्याच्या वरच्या ओळींत तिचं नाव लिहिलेलंच असतं. आतली फाइल धोकादायक आहे की नाही, हे मात्र या बांधणीवरून कळत नाही. अनोळखी माणसाकडून आलेली फाइल उघडण्याआधी जी काळजी घ्यायची, ती इथेही घ्यायचीच.

२. पण फाइल आहे तशीच का पाठवत नाहीत? एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

कारण मेलची वाट मुळात फाइलींसाठी बांधलेलीच नव्हती. १९८२ साली मेल पाठवण्याचे नियम ठरले (आरएफसी ८२१, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या मालिकेतला एक दस्तऐवज), तेव्हा मजकूर म्हणजे इंग्रजी मजकूर असं गृहीत होतं. अक्षर ७ बिटांचं (बिट म्हणजे ० किंवा १ एवढंच मावणारं घर) आणि ओळ शेवटच्या खुणांसह जास्तीत जास्त १००० अक्षरांची. बाइट तर ८ बिटांचा असतो. वाटेतल्या एखाद्या यंत्राने आठवा बिट पुसला की १२८ च्या वरचा प्रत्येक आकडा १२८ ने खाली येतो.

मराठीवर याचा काय परिणाम होतो ते पाहा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘म’ साठवला जातो २२४, १६४, १७४ असा. आठवा बिट गेला की उरतात ९६, ३६, ४६, म्हणजे एक उलटं अवतरणचिन्ह, एक डॉलर आणि एक टिंब. ‘म’चा मागमूसही राहत नाही. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांतही बरीच अक्षरं १२८ च्या वरच्या जागांवर बसवलेली असायची, त्यामुळे अशा वाटेवर त्या मजकुराचीही हीच गत व्हायची.

दुसरी अडचण ओळ संपल्याच्या खुणेची. विंडोजमध्ये ही खूण १३ आणि १० या दोन बाइटांची, युनिक्समध्ये फक्त १० ची. मजकूर समजून वाटेतला प्रोग्रॅम एकाची दुसरी करतो. मजकुराला त्याने काही होत नाही, फोटो मात्र कायमचा जातो. पीएनजी चित्रांची रचना करणाऱ्यांना हे इतकं ठाऊक होतं, की त्यांनी प्रत्येक फाइलीची सुरुवातच सापळ्यासारखी रचली : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला आकडा १२८ च्या वरचा, म्हणजे आठवा बिट गेला तर लगेच कळेल. १३-१० ची जोडी आणि शेवटचा एकटा १० यामुळे ओळीच्या खुणेत कुणी ढवळाढवळ केली तर तीही पहिल्या आठ बाइटांतच उघडी पडते. मधले तीन आकडे म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. मला ही आठ आकड्यांची ओळ फार आवडते. ज्यांनी हे नुकसान डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनीच ती लिहिली असणार.

३. तीन बाइटांची चार अक्षरं होतात म्हणे. कशी? एकदा हाताने करून दाखवाल?

वरचाच ‘म’ घेऊ. २२४, १६४, १७४ हे तीन बाइट बिटांत लिहिले की होतात :

१११००००० १०१००१०० १०१०१११०

हे २४ बिट. आता आठ-आठचे तीन गट मोडून सहा-सहाचे चार करा :

१११००० ००१०१० ०१००१० १०१११०

म्हणजे ५६, १०, १८, ४६. सहा बिटांत ० ते ६३ एवढेच आकडे मावतात, आणि प्रत्येकासाठी एक अक्षर ठरलेलं आहे : ० ते २५ ला कॅपिटल ए ते झेड, २६ ते ५१ ला स्मॉल ए ते झेड, ५२ ते ६१ ला ० ते ९ हे अंक, ६२ ला + आणि ६३ ला /. त्यामुळे ‘म’ होतो : अंक ४, कॅपिटल के, कॅपिटल एस, स्मॉल यू.

एकदा कागदावर करून पाहा. यात एवढंच आहे, आणि पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

४. ६४ च अक्षरं का? ९० वापरली असती तर जागा वाचली असती ना?

वाचली असती. ७ बिटांच्या आस्कीत, म्हणजे संगणकावरच्या इंग्रजी अक्षरांच्या तक्त्यात, १२८ जागा आहेत, पण त्यातल्या छापता येणाऱ्या ९५ च, तीही रिकामी जागा धरून. ६४ म्हणजे नेमके सहा बिट, त्यामुळे गणित फक्त बिट सरकवण्याचं राहतं. त्याहून मोठं कारण असं, की सगळी चिन्हं सगळीकडे सारखी नव्हती. काही देशांच्या आवृत्त्यांत चौकटी आणि महिरपी कंसांच्या जागी तिथली स्वतःची अक्षरं होती, आणि आयबीएमच्या मोठ्या संगणकांची तर वर्णमालाच वेगळी, एबसिडिक. या सगळ्यांतून सुखरूप जातील अशीच अक्षरं बेस-६४ साठी निवडली गेली. जास्त अक्षरांच्या पद्धतीही आहेत, त्या प्रश्न १४ मध्ये.

५. शेवटी कधी एक =, कधी दोन, कधी एकही नाही. हे कशावर ठरतं?

फाइलीच्या लांबीला तीनने भागून काय उरतं त्यावर. काही उरलं नाही तर = नाही. दोन बाइट उरले तर तीन अक्षरं आणि एक =. एकच बाइट उरला तर दोन अक्षरं आणि दोन =. तीन = कधीच येत नाहीत, दिसले तर काहीतरी चुकलं आहे.

६. सर्व्हरची मर्यादा २५ एमबी, माझी फाइल २० एमबीची. तरी मेल परत आला!

मर्यादा बऱ्याचदा बांधलेल्या मेलला लागते, तुमच्या मूळ फाइलीला नाही. तीनाची चार अक्षरं झाली म्हणजे एक तृतीयांश वाढ. शिवाय मेलमध्ये दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडावी लागते आणि प्रत्येक ओळीला खुणेचे दोन बाइट लागतात. मूळ ५७ बाइटांचे ७८ होतात, म्हणजे जवळजवळ ३७ टक्के वाढ. तुमचे २० एमबी झाले सत्तावीसच्या वर. २५ च्या मर्यादेत १८ एमबीपर्यंतची फाइल बसते, हा हिशेब लक्षात ठेवा.

झिप करायची असेल तर आधी करा. फोटो आणि पीडीएफ मुळात दाबलेलेच असतात, तिथे फारसा फरक पडणार नाही. एक्सेलच्या जुन्या फाइली, मजकूर, सीएसव्ही मात्र चांगल्या आक्रसतात.

७. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने पासवर्ड ‘बेस-६४ ने एन्क्रिप्ट’ केले आहेत. सुरक्षित आहेत ना?

अजिबात नाहीत. बेस-६४ ला किल्ली नसते. ज्याला वरचा तक्ता माहीत आहे, म्हणजे जगातल्या कुणालाही, ते एका क्षणात उलटवता येतं. पासवर्ड कागदावर लिहून कागदाची घडी घातली, एवढंच झालं आहे. मी हे जरा जोरात सांगते, कारण या एका गैरसमजातून खरं नुकसान होतं. वेबच्या ‘बेसिक’ लॉगिन पद्धतीत नाव आणि पासवर्ड बेस-६४ मध्येच जातात, आणि म्हणूनच ती पद्धत एचटीटीपीएसशिवाय, म्हणजे कुलूपबंद जोडणीशिवाय, वापरायची नसते. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा : पासवर्डचं हॅश (परत उलटवता न येणारं रूप) साठवता का, आणि त्यात सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला वेगळी भर) घालता का? यावर स्पष्ट ‘हो’ आलं नाही तर काम थांबवा.

८. जुन्या सीडीवर एक मेल सापडला. पहिली ओळ ‘बिगिन ६४४’ आणि फाइलीचं नाव, आणि पुढच्या जवळपास सगळ्या ओळी कॅपिटल एमने सुरू होतात. हे बेस-६४ आहे का?

नाही, हे तिच्या आधीचं यूयूएन्कोड. मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये बर्कलीला असताना ते लिहिलं. युनिक्स यंत्रं एकमेकांना फोन लावून मेल देत-घेत, त्या वाटेवर फाइली नेण्यासाठी. आपल्याकडचा त्या काळाशी धागाही मुंबईत आहे : १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्यात एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई या दोन्ही संस्था होत्या, आणि सुरुवातीचा मेल डायल-अप फोनवरून यूयूसीपी या युनिक्स पद्धतीनेच जायचा.

यातही तीनाची चार अक्षरं होतात, पण तक्ता नाही. सहा बिटांच्या आकड्यात ३२ मिळवायचे आणि येईल ते आस्की चिन्ह लिहायचं. ओळीचं पहिलं अक्षर त्या ओळीत किती बाइट आहेत ते सांगतं. पूर्ण ओळ ४५ बाइटांची. ४५ अधिक ३२ म्हणजे ७७, आणि आस्कीत ७७ म्हणजे कॅपिटल एम. म्हणून एमची ती रांग. ६४४ हा युनिक्समधला फाइल वाचण्या-लिहिण्याच्या परवानगीचा आकडा आहे.

याचं दुखणंही त्या बेरजेतच आहे. ० अधिक ३२ म्हणजे रिकामी जागा, आणि ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा काही मेल प्रोग्रॅम कापून टाकत. मग तिच्याऐवजी उलटं अवतरणचिन्ह वापरायला सुरुवात झाली. तुमची फाइल बहुतेक आजही निघेल. फाइली काढणारे अनेक प्रोग्रॅम यूयूएन्कोड ओळखतात. ‘बिगिन’पासून ‘एंड’पर्यंतच्या ओळी तशाच साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा, वर्डमध्ये नको. वर्ड अवतरणचिन्हं आपणहून बदलतो.

मेलची आजची पद्धत, माइम, १९९२ ची. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ती मांडली. बोरेनस्टाइन यांनी त्या वर्षी ११ मार्चला पाठवलेल्या मेलला जोडलं होतं ते त्यांच्याच गायक चौकडीचं चित्र आणि गाणं.

९. मराठी विषय लिहिला की समोरच्याला मधलं एखादं अक्षर तुटलेलं दिसतं, काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह. इंग्रजीत असं होत नाही.

मेलच्या विषयात मराठी थेट जात नव्हती, म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी बेस-६४ मध्ये बांधतात. एक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा. त्यातली १२ अक्षरं यूटीएफ-८ चं नाव आणि खुणांत जातात, उरलेल्यांत चारच्या पटीतली ६० बसतात. ६० अक्षरं म्हणजे ४५ बाइट, आणि ४५ बाइट म्हणजे देवनागरीची १५ चिन्हं. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र मोजायची, म्हणजे ‘कार्यक्रमाचे निमंत्रण’ हे दिसायला छोटं असलं तरी एका तुकड्यात मावत नाही.

नियम असा, की तुकडा अक्षराच्या मध्ये तोडू नये. जे प्रोग्रॅम अक्षरं न पाहता ४५ बाइट मोजून कापतात, त्यांचं सलग देवनागरीत निभावतं, कारण ४५ ला ३ ने भाग जातो. पण शब्दांमधली रिकामी जागा एकाच बाइटाची. ती आली की मोजणी सरकते आणि कात्री अक्षराच्या पोटात बसते. दोष पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे, तुमच्या फॉन्टचा किंवा कीबोर्डचा नाही. प्रोग्रॅम बदलेपर्यंत विषय आखूड ठेवणं एवढंच हातात आहे.

आणखी एक : मेलच्या मजकुरात मराठी कधीकधी = चिन्हांनी भरलेली दिसते. ती ‘कोटेड-प्रिंटेबल’ नावाची दुसरी पद्धत. इंग्रजीत मधूनच एखादं परकं अक्षर असेल तर ती उत्तम. मराठीत एका ‘म’ला ९ अक्षरं लागतात, बेस-६४ मध्ये ४.

१०. लिंकमध्ये सभासदाचं नाव बेस-६४ करून पाठवतो. काहींचं बरोबर येतं, काहींच्या नावाचा पार चुराडा होतो. इंग्रजी नावांना काही होत नाही!

हे मी स्वतः भोगलं आहे. एका वाचनालयाच्या सभासदांना नूतनीकरणाच्या लिंका पाठवल्या आणि ‘राधा’ नावाची बाई ‘रस’ होऊन परत आली, पुढे कंस आणि तुटकी चिन्हं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कारण सापडलं तेव्हा ते इतकं मराठी निघालं की कधी विसरणार नाही.

प्रश्न ३ मधला तक्ता पुन्हा पाहा. काना यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १९० असा आहे. त्याचा शेवटचा सहा बिटांचा गट होतो ६२, म्हणजे +. पहिली वेलांटी एका आकड्याने पुढची, म्हणून तिचा शेवट ६३, म्हणजे /. सलग देवनागरी नावात प्रत्येक काना + ने संपतो आणि प्रत्येक पहिली वेलांटी / ने. आणि लिंकमध्ये नेमकी हीच दोन चिन्हं अडचणीची : प्रश्नचिन्हापुढच्या भागात + म्हणजे रिकामी जागा धरली जाते, आणि / म्हणजे पत्त्यातली पुढची पायरी.

मग ‘राधा’चं काय होतं? ‘र’ची चार अक्षरं नीट पोहोचतात. कान्याचं चौथं अक्षर, +, रिकामी जागा बनतं आणि सैल डीकोडर (बेस-६४ उलटवणारा प्रोग्रॅम) ती सोडून देतो. गट पुरा करायला तो पुढच्या ‘ध’चं पहिलं अक्षर ओढतो. देवनागरीतल्या सगळ्या चिन्हांची बेस-६४ सुरुवात अंक ४ नेच होते, त्यामुळे तयार होतं ४, कॅपिटल के, कॅपिटल एस, ४. हे आहे ‘स’. म्हणजे लिंकमध्ये काना गळला आणि पुढे आणखी देवनागरी चिन्ह असेल तर त्या जागी ‘स’ उगवतो, आणि तिथून पुढे सगळंच एका अक्षराने सरकलेलं असतं. ‘मुकुंद’ला काही होत नाही, कारण त्यात काना नाही आणि पहिली वेलांटीही नाही. नावात अचानक ‘स’ दिसला की मी आता दुसरीकडे शोधतच नाही.

उपाय सोपा : लिंकसाठी बेस-६४ ची ‘यूआरएल’ जात वापरा. तिच्यात + च्या जागी - आणि / च्या जागी _ असतं. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांच्या संचांत ती तयार मिळते. दोन्ही बाजूंना तीच हवी.

११. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची एक्सएमएल फाइल उघडली. फोटो कुठे आहे?

त्यातच आहे, बेस-६४ मध्ये. तो लांबलचक गठ्ठा डीकोड करून फाइल म्हणून साठवला की फोटो मिळतो. कुठल्या जातीची फाइल आहे हे पहिल्या अक्षरांवरून ओळखता येतं. सुरुवात / नंतर ९, स्मॉल जे आणि पुन्हा / अशी असेल तर जेपीईजी. कॅपिटल जे, व्ही, बी, ई, आर अशी असेल तर पीडीएफ.

एक कळकळीची विनंती. ‘बेस-६४ डीकोडर’ शोधून सापडेल त्या संकेतस्थळावर हा गठ्ठा चिकटवू नका. तो कुणाचा तरी चेहरा आहे, आणि सोबत नाव, जन्मतारीख, पत्ताही असतो. हे काम तुमच्याच संगणकावर होतं. लिनक्स आणि मॅकवर त्याची कमांड असतेच, विंडोजवर सर्टयुटिल आहे.

१२. जीएसटी ई-इन्व्हॉइसचा क्यूआर स्कॅन केला तर ‘ईवायजे’ने सुरू होणारी अक्षरं येतात. आत काय आहे?

टिंबांनी जोडलेले तीन भाग, प्रत्येक यूआरएल जातीच्या बेस-६४ मध्ये (प्रश्न १०). पहिले दोन जेसन, म्हणजे माहिती मजकुरात मांडण्याच्या एका पद्धतीत, आहेत. जेसन महिरपी कंस आणि अवतरणचिन्हाने सुरू होतं आणि त्यांचंच बेस-६४ रूप ‘ईवायजे’, शेवटचा जे कॅपिटल. तिसरा भाग डिजिटल सही. मधला भाग डीकोड करून बीजक क्रमांक आणि रक्कम कुणालाही वाचता येते, पण वाचता आली म्हणजे बीजक खरं असं नाही. त्यासाठी सही तपासावी लागते.

१३. एकच मजकूर, दोन संगणकांवर वेगळं बेस-६४. कोण चूक?

बहुधा कुणीच नाही. आधी शेवट पाहा. कमांडवर मजकूर देताना त्याला ओळ संपल्याची खूण आपोआप चिकटते. ‘मराठी’ हा शब्द १५ बाइटांचा, म्हणून शेवटी = येतच नाही. खूण चिकटली असेल तर शेवटी दिसतं कॅपिटल सी, स्मॉल जी आणि दोन =. मग ओळी पाहा : मेलमध्ये ७६ वर तोडतात, प्रमाणपत्रांच्या फाइलींत ६४ वर, इतर ठिकाणी सहसा तोडतच नाहीत. मेलच्या नियमाने डीकोडरने परकी चिन्हं सोडून द्यायची असतात. २००६ चा सर्वसाधारण नियम (आरएफसी ४६४८) म्हणतो, वेगळं सांगितलं नसेल तर अशी चिन्हं नाकारा. त्यामुळे मेलमधून उचललेला मजकूर दुसरीकडे चिकटवताना ओळी जोडून घ्या.

१४. बेस-३२, बेस-५८, बेस-८५ यातलं कधी काय?

फोनवर सांगायचं किंवा हाताने टाइप करायचं असेल तर बेस-३२. त्यात कॅपिटल-स्मॉलचा घोळ नाही, ० आणि १ हे अंकही नाहीत. ओटीपी दाखवणाऱ्या ॲपमध्ये जी गुप्त किल्ली टाइप करतो, ती यातच असते. वाढ ६० टक्के, पण किल्ली छोटी असते. बेस-५८ बिटकॉइनच्या पत्त्यांत भेटतं. बेस-८५ मध्ये चार बाइटांची पाच अक्षरं, वाढ फक्त २५ टक्के. पीडीएफ आणि पोस्टस्क्रिप्टच्या आत ते चालतं, पण त्यात अवतरणचिन्हंही येतात, म्हणून कोड किंवा एक्सएमएलमध्ये मी ते घेत नाही.

१५. आता सर्व्हर ८ बिट सहज घेतात. मग बेस-६४ अजून का?

मेलमध्ये, कारण वाटेतलं प्रत्येक यंत्र घेईलच अशी खात्री पाठवणाऱ्याला नसते. व्हॉट्सॲप किंवा वेबवर फाइल चढवताना बाइट जसेच्या तसे जाऊ शकतात, तिथे बांधणीची गरज नाही. पण जेसन आणि एक्सएमएल यांच्या पोटात कच्चे बाइट ठेवताच येत नाहीत, आणि सरकारी काय, खाजगी काय, आज बरीच देवाणघेवाण त्यांतूनच होते. मोठी फाइल मात्र जेसनमध्ये कोंबू नका. ती वेगळी चढवा आणि जेसनमध्ये तिचा दुवा द्या.

१६. गठ्ठ्याचा शेवट कापला गेला आहे. काही वाचेल का?

कापल्या जागेच्या आधीचं सगळं वाचतं, कारण चार अक्षरांचा प्रत्येक गट स्वतंत्र आहे. अक्षरं मोजून चारने भागा. बाकी १ आली तर ते शेवटचं अक्षर निरुपयोगी, टाकून द्या. २ किंवा ३ आली तर = जोडून गट पुरा करा. पुढचं फाइलीच्या जातीवर आहे. जेपीईजीचा वरचा भाग दिसेल, खाली करडा पट्टा. पीडीएफ आणि झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, म्हणून त्या सरळ उघडत नाहीत, दुरुस्तीचं साधन लावावं लागतं. वर्ड-एक्सेलच्या नव्या फाइली म्हणजे आतून झिपच, त्यांनाही हेच लागू.

१७. दोन वेगळ्या बेस-६४ मजकुरांतून तंतोतंत एकच फाइल निघाली. हे शक्य आहे?

आहे. फाइलीच्या शेवटी एकच बाइट उरला की त्याचे ८ बिट दोन अक्षरांच्या १२ बिटांत ठेवले जातात. चार बिट मोकळे. ते शून्य असायला हवेत, पण बरेच डीकोडर तपासत नाहीत. कॅपिटल क्यू दोनदा आणि दोन = हे कॅपिटल ए या अक्षराचं रूप. दुसऱ्या क्यूच्या जागी कॅपिटल आर लिहिला तरी सैल डीकोडर ए च देतो. अशी एकूण १६ रूपं होतात. दोन बाइट उरले असतील तर ४.

फोटोच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. पण रद्द केलेल्या टोकनांची (लॉगिनच्या परवान्यांची) यादी तुम्ही बेस-६४ मजकूर म्हणून ठेवली असेल, तर शेवटचं अक्षर बदलून तेच टोकन यादीला चुकवून पुन्हा आत येऊ शकतं. तुलना नेहमी डीकोड केलेल्या बाइटांची करा, आणि डीकोडरला कडक तपासणीचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा.